पर्व्हिसचा श्वास

९ ऑक्टोबर १९६२, मंगळवार

तीन तासांत चार गाणी. वादकांच्या संघटनेचा नियमच आहे – तीन तास झाले की व्हायोलिनं पेटीत. चौथं गाणं सुरू झालं तेव्हा घड्याळात थोडाच वेळ उरला होता आणि ऑल्डन पर्व्हिसच्या गळ्यात त्याहून कमी दम.

लोकप्रिय सिनेमागीतांची लाँगप्ले रेकॉर्ड. बारा गाणी. त्यांतला एकही सिनेमा त्याने पाहिलेला नाही. कोणीतरी विचारलं, तर म्हणाला, "अंधारात मला झोप लागते हो." वय एक्कावन्न. याच्या आवाजावर वीस वर्षांपूर्वी लोकांनी लग्नं जमवली म्हणतात. माझ्या आईबाबांनी जमवलं, एवढं मला माहीत आहे.

मार्चअखेर त्याचा करार संपतो. क्लाइड बॅस्कम – आमचे निर्माते, हॉलिवुडमधले बहुधा सर्वांत मोठ्याने कुजबुजणारे गृहस्थ – कंट्रोल रूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "ही रेकॉर्ड चालली नाही तर ऑल्डनला निरोपाचं जेवण मी स्वतः देईन. आणि मी कोणाला जेवण देत नाही." माईक चालू होता. पर्व्हिसने ऐकलं. काचेपलीकडून म्हणाला, "क्लाइड, मला स्टेक अर्धा कच्चा चालतो."

चौथं गाणं 'जिन्यावर थांब'. 'हिवाळ्याचा भाडेकरू' या सिनेमातलं. सिनेमा नाताळात लागणार. म्हणजे हे लोकप्रिय गाणं अजून लोकांनी ऐकलेलं नाही. इथे तसंच चालतं. लोकप्रिय व्हायच्या आधीच लोकप्रिय गाण्यांत घालावं लागतं, नाहीतर दुसरी कंपनी घालते.

पाच वेळा गायला. एकदाही अखंड नाही.

११ ऑक्टोबर

दिवसभर 'जिन्यावर थांब'.

मी टेप कापते. पदवी विद्युत अभियांत्रिकीची आहे. मिक्सिंगच्या टेबलाशी बाई बसलेली इथे चालत नाही. बाईच्या हातात ब्लेड मात्र चालतं. त्यामागचा विचार मी विचारलेला नाही.

अडचण एकाच ओळीची. 'वर घर आहे, खाली शहर आहे, तू जिन्यावर थांब.' लांब ओळ, चाल संथ, शेवटी सूर वर. दुसऱ्या टेकला पर्व्हिसने 'शहर आहे'नंतर श्वास घेतला – केवढा मोठा! दार लोटल्यासारखा. चौथ्या टेकला आधीच घेतला, 'घर आहे'नंतर. दोन्ही वाईट. पण दुसऱ्या टेकचा पहिला भाग स्वच्छ आणि चौथ्याचा शेवट स्वच्छ. 'शहर'मधला 'ह' हा जवळजवळ नुसता वारा आहे. तिथे तिरका छेद दिला, दोन तुकडे जोडले. आता ओळ एका दमात जाते. जोड मलाच ऐकू येत नाही.

क्लाइड तीनदा ऐकून म्हणाले, "हे ऑल्डनने कधी गायलं?"

"गायलं नाही."

"उत्तम," म्हणाले.

१४ ऑक्टोबर, रविवार

डलूथहून आईचा फोन. "सिग्ने, तू खरंच ऑल्डन पर्व्हिसला बघतेस? कसे आहेत?"

"उंच."

"अगं, आणखी काही?"

"अर्धा कच्चा स्टेक खातात."

आईला माझ्याशी बोलणं कठीण जातं. मला कळतं.

२४ ऑक्टोबर

युद्धाच्या धास्तीने सोमवारपासून सगळं गाव डबाबंद मटार विकत घेतंय. क्यूबाकडे निघालेली रशियाची जहाजं वळली की नाही, हे लिफ्टवालासुद्धा सांगतो. आणि आज ग्लेंडेलला 'हिवाळ्याचा भाडेकरू'चा चाचणी खेळ! क्लाइडनी मला नेलं, गाण्याची लांबी मोजायला.

सिनेमा बरा आहे. बाई जिन्यात उभी राहते, खाली बर्फ, मागे गाणं सुरू होतं (पडद्यावर ते एक कोरस गातो, पर्व्हिस नाही). त्याच वेळी बाहेरच्या दालनात कोणीतरी रेडिओ मोठा केला. बातम्या. आधी एक रांग उठली, मग दुसरी. गाणं संपलं तेव्हा थिएटरात मी, क्लाइड आणि एक झोपलेले आजोबा.

जहाजं थांबली होती. लोक खुशीत परत आले, उरलेला सिनेमा पाहिला, शेवटी मताच्या कार्डांवर मत लिहिलं. बहुतेकांनी एकच लिहिलं – जिन्यावरचं गाणं लांबतं.

२९ ऑक्टोबर, सोमवार

सिनेमावाल्यांनी गाणं काढलं. सकाळी फोन आला.

आमची कव्हरं छापून तयार. वर जिना, जिन्यावर बाई, मोठ्या अक्षरांत 'जिन्यावर थांब', खाली 'तुम्ही सिनेमात ऐकलेली बारा गाणी'.

मी म्हटलं, "अकरा."

क्लाइड खुर्चीत मागे रेलले. "ते गाणं काढलं तर उरलेली अकरा इतर सहा गायकांनीही गायली आहेत. मग ऑल्डनकडे आहे काय?"

"पण ते सिनेमात नाही."

"कोणाला कळणार?"

"सिनेमा बघणाऱ्यांना."

"मिस हॉलबर्ग, लोक सिनेमाला रडायला जातात. तू एकटी मोजायला जातेस."

गाणं राहिलं. पर्व्हिसला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगितलं. व्हरांड्यात सिगारेट ओढत होता. "म्हणजे मी आता सिनेमातलं न-सिनेमागीत गायलोय?" म्हणाला. मग राख झटकत, "हे चाललं नाही तर मी रीनोला मेहुण्याच्या हॉटेलात गाणार. त्याच्याकडे माईक आहे. तोच माईक 'सतरा नंबर टेबल, तुमचं चिकन तयार आहे' म्हणायलाही वापरतात."

हसला. मी हसायला हवं होतं बहुधा.

७ डिसेंबर

रेकॉर्ड दुकानांत.

१९ डिसेंबर

रेडिओवर सकाळी एकदा, दुपारी दोनदा. किराणा दुकानात गल्ल्यावरची मुलगी गुणगुणत होती. 'शहर'च्या 'ह'पाशी अडकली, पुढे गेली.

३० डिसेंबर, रविवार

आई: "बघितला गं 'हिवाळ्याचा भाडेकरू'! तो जिन्यावरचा प्रसंग! ते पर्व्हिसांचं गाणं सुरू झालं आणि तुझी मावशी इतकी रडली की शेजारचा माणूस खुर्ची बदलून गेला."

"आई, ते गाणं सिनेमात नाही."

"आहे गं. ती लाल कोट घालून उभी असते ना, तेव्हा."

"सिनेमा कृष्णधवल आहे."

मग ठामपणे – "असेल. कोट लालच होता."

११ जानेवारी १९६३

टपालाची पोती! क्लाइड मोठ्याने वाचून दाखवतात. टोलीडोचे एक दंतवैद्य लिहितात, जिन्यावरच्या गाण्याच्या वेळी मी पत्नीचा हात धरला, तो तीन वर्षांत धरला नव्हता. एका बाईंना गाण्याच्या वेळचा बर्फ विशेष आवडला. सर्वांत चांगलं पत्र आयोवाचं. बाई संतापल्या आहेत – आमच्या गावच्या थिएटरवाल्याने गाणं कापून सिनेमा दाखवला, हरामखोर कुठला, बाकी सगळ्या देशाने पाहिलं आणि आम्हीच राहिलो.

संपूर्ण देशात खरं पाहिलेली ही एकटीच. तिला कोणी उत्तर पाठवणार नाही.

क्लाइड पर्व्हिसच्या पाठीवर थाप मारून: "ऑल्डन, म्हाताऱ्या, मार्चची काळजी सोड."

२२ जानेवारी, मंगळवार

पर्व्हिस माझ्या खोलीत आला. पहिल्यांदाच. हातात त्याचीच रेकॉर्ड.

"मिस हॉलबर्ग, मी माझ्या रेकॉर्डी ऐकत नाही. काल ऐकली. हा मनुष्य उत्तम गातो. कोण आहे?"

मी ब्लेड खाली ठेवलं.

"सतरा फेब्रुवारीला टीव्हीवर गायचंय. थेट प्रक्षेपण, अख्ख्या देशासमोर. क्लाइड म्हणतो, मार्चचा निर्णय त्यावर. मला एवढंच सांगा – या ओळीत मी श्वास कुठे घेतो?"

"घेत नाही."

"ते मलाही ऐकू आलं! पण मी जिवंत आहे ना? म्हणजे कुठेतरी घेतला असणार."

मी कापलेले तुकडे कार्डाला चिकटवून भिंतीवर ठेवते, रेकॉर्ड बाहेर पडल्यावरही काही दिवस. काढले, यंत्रावर लावले. आधी एक श्वास ऐकवला, मग दुसरा. तो खाली मान घालून ऐकत होता.

"हा माझा बाप," म्हणाला. "अगदी हेच. कोळशाची पाटी उचलताना."

मग: "दोनदा घेतला, आणि तुमच्या टेपमध्ये एकदाही नाही. पोरी, मला तिशीतसुद्धा ही ओळ एका दमात आली नसती!"

'पोरी' म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही.

२९ जानेवारी

क्लाइडनी उपाय काढला. टीव्हीवर मागे रेकॉर्ड लावायची, पर्व्हिसने नुसते ओठ हलवायचे. बरेच जण करतात.

पर्व्हिस: "मी मासा आहे का?"

"एका ओळीचा तर प्रश्न आहे, ऑल्डन!"

"तीच ओळ लोकांना हवी आहे. ती तुझ्या त्या मुलीने गायली आहे, आणि तिला टीव्हीवर बोलावलेलं नाही."

क्लाइडनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला पढवलं.

३ फेब्रुवारी, रविवार

पर्व्हिस राहतो त्या इमारतीच्या चौकात पोहण्याचा तलाव आहे. तो पाण्याखाली श्वास रोखून धरतो, मी काठावर स्टॉपवॉच घेऊन उभी. मला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणजे, बोलावलं होतं. मी येईन असं त्याला वाटलं नव्हतं.

वरच्या सज्जातून शेजारीण: "ऑल्डन, बुडतोयस की गातोयस?"

"दोन्ही, मेबल! फरक कळला तर सांग!"

ओळीला लागतो त्याच्या दोन तृतीयांश दम पुरतो. मी आकडा सांगितला. तो टॉवेल गुंडाळून बसला, ओठ निळे. म्हणाला, "तुम्हाला एकदा तरी थोडं खोटं सांगावंसं वाटत नाही?"

"त्याने दम वाढणार नाही."

"नाही. पण मला बरं वाटलं असतं."

मग मी म्हटलं, ओळ न तोडता श्वास घ्यायचा असेल तर 'तू'च्या आधी घ्या – दुसऱ्या टेकला घेतला तिथेच, फक्त दार लोटल्यासारखा नको. तिथे अर्थ थांबतो, म्हणून श्वासही चालेल. एवढं मोठं वाक्य मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले. त्याने तिथल्या तिथे गाऊन पाहिलं, ओल्या केसांनी, हळूच. 'वर घर आहे, खाली शहर आहे' – श्वास – 'तू जिन्यावर थांब.'

वर सज्जात मेबलने कपडे वाळत घालायचे थांबवले होते.

१७ फेब्रुवारी, रविवार

घरमालकिणीच्या टीव्हीवर पाहिलं. काळा कोट, मागे पुठ्ठ्याचा जिना. त्याने 'तू'च्या आधी श्वास घेतला, लपवलाही नाही. सगळ्यांना दिसेल असा घेतला – एखाद्याला काही सांगायचं असावं आणि धीर होत नसावा, तसा. आणि मग 'तू'. आवाज किंचित फाटका.

रेकॉर्डपेक्षा चांगलं झालं. (हे मत आहे. मोजमाप नाही.)

आईचा लगेच फोन. "अगं, त्यांचा गळा बसलाय का? मधेच थांबले! सिनेमात कसं सलग म्हटलं होतं!"

२६ फेब्रुवारी

पत्रं. बहुतेक आईसारखी. 'सिनेमातल्यासारखं नाही झालं.' 'पर्व्हिस दारू पितात का?' दंतवैद्यांनी पुन्हा लिहिलंय – पत्नीने हात काढून घेतला.

क्लाइड आता ती मोठ्याने वाचत नाहीत. रेकॉर्ड मात्र अजून खपते आहे, उलट जास्तच. लोक म्हणे मूळ ऐकायला घेतात.

मूळ!

मी फार चांगला जोड दिला. हे लिहून ठेवते. थोडा वाईट दिला असता, तर त्याचा श्वास लोकांना चालला असता.

२९ मार्च, शुक्रवार

करार वाढवला नाही. क्लाइडनी खरंच जेवण दिलं. मलाही बोलावलं होतं. पर्व्हिसने स्टेक मागवला, अर्धाच खाल्ला.

क्लाइड: "तुझं नाव आमच्याकडे कायम राहील, ऑल्डन."

"नाव राहू दे. मी कुठे राहू?"

सगळे हसले. तोही. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मिस हॉलबर्ग, रीनोला आलात तर सतरा नंबर टेबलाजवळ बसू नका."

या वेळी मी हसले. उशीर झाला, तो वळला होता.

८ एप्रिल, सोमवार

क्लाइडनी बोलावलं. दार लावून घेतलं, म्हणजे बातमी चांगली.

दुकानदारांना पर्व्हिसची दुसरी लाँगप्ले हवी आहे. 'आणखी बारा सिनेमागीतं.' जुलैची तारीख देऊन टाकली आहे.

मला वाटलं – क्षणभर. म्हटलं, "म्हणजे त्यांना परत बोलवताय?"

"ऑल्डनला? कशाला?" खरंच आश्चर्य वाटलं होतं त्यांना. "दहा वर्षांची त्याची टाकून दिलेली गाणी पडली आहेत ना आपल्या कपाटात. कुठे सूर घसरलाय, कुठे शब्द चुकलाय, कुठे दम संपलाय. तू आहेस की! टेप कंपनीच्या मालकीच्या, त्याला विचारावंही लागत नाही. खप त्याच्या आवाजाला आहे, मुली, त्याला नाही. आणि खरं सांगू? त्याच्या आवाजात तू त्याच्यापेक्षा चांगलं गातेस."

ही माझ्या कामाची इथे झालेली पहिली स्तुती.

स्वतंत्र खोली मिळणार. दारावर नाव. मिक्सिंगच्या टेबलाचंही "बघू" म्हणाले. तीन वर्षांत हा शब्द पहिल्यांदा.

मी म्हटलं, टेप आधी ऐकून सांगते.

१० एप्रिल

नवी खोली. खिडकी आहे. पर्व्हिसची सगळी रिळं ट्रॉलीवरून आणून भिंतीला लावली.

१२ एप्रिल

ऐकतेय. होईल. अवघड नाही, हीच अडचण आहे. एका रिळावर गाणं तुटल्यावर तो वादकांना म्हणतो, "माफ करा मंडळी, हा माझा दोष, पुन्हा घेऊ." पुन्हा घेतो. पुन्हा तुटतं. पुन्हा माफी. आवाज न चढवता मागितलेल्या एवढ्या माफ्या मी कुठे ऐकल्या नाहीत. त्या सगळ्या मला कापायच्या आहेत.

आई: "पर्व्हिसांची नवी रेकॉर्ड येतेय? बरे झाले वाटतं!"

१९ एप्रिल, शुक्रवार

जुन्या टेप कोऱ्या करायचं चुंबकाचं यंत्र तळघरात आहे. पर्व्हिसची सर्व रिळं कोरी झाली. क्लाइडना सांगितलं, चुकून भलतीच ट्रॉली खाली नेली. माझ्या हातून चूक होते, यावर त्यांचा विश्वास बसला नाही. पण दुसरं काय समजावं, तेही त्यांना सुचलं नाही. बराच वेळ ओरडले. मग जुलैची तारीख आठवली, आणि त्यांनी रीनोचा नंबर मागितला. मला पाठ होता.